ठिगळांचा मुरक्का

दहावीचे पेपर संपले, प्रॅक्टिकलच्या वह्या माळ्यावर गेल्या आणि निकालाला अजून वेळ आहे. हे दिवस घरोघरी जरा विचित्रच असतात. मूल दुपारपर्यंत झोपते, अम्मी चिडते, अब्बा अकरावीच्या प्रवेशाची चौकशी करत फिरतात. याच दिवसांत शाळेत पालक भेटले की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात, ‘टीचर, मुलीला आठवण म्हणून काही द्यायचे आहे. घड्याळ द्यावे की मोबाइल?’ आमचे उत्तर ठरलेले आहे. घड्याळ जरूर द्या. मोबाइलचे तुम्ही घरात बसून ठरवा. पण त्याआधी एक वही द्या, दुकानातली नव्हे, घरात बसून केलेली.

बाजारात तिला स्क्रॅपबुक म्हणतात. हा शब्द ऐकताच बऱ्याच अम्मींच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आमच्या शाळांनीच हा शब्द बदनाम केला आहे. प्रकल्पाच्या नावाखाली कॅलेंडरमधली चित्रे कापायची, झेरॉक्सच्या दुकानातून ‘फळांचा तक्ता’ आणायचा, रात्री अकराला चिकटवत बसायचे आणि सकाळी मुलाच्या नावाने गुण घ्यायचे, ही कामे अम्मींनी दहा वर्षे केली आहेत. आम्ही म्हणतो ती वही तशी नाही. तिला गुण नाहीत, तपासणी नाही आणि शेवटची तारीखही नाही.

खरे तर आपल्याकडे या वस्तूला जुने आणि सुंदर नाव आहे. मुरक्का. मोगल दरबारात वेगवेगळी चित्रे आणि सुलेखनाचे नमुने जमवून, त्यांना भोवती नक्षीचा हाशिया देऊन एकत्र बांधत. त्या संग्रहाला मुरक्का म्हणत. बादशाह जहांगीरचा ‘मुरक्का-ए-गुलशन’ प्रसिद्ध आहे, त्याचा मोठा भाग आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. शहजादा दारा शुकोहने असाच एक मुरक्का आपली पत्नी नादिरा बानू हिला भेट दिला होता. तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवला आहे. त्यात फुले आहेत, पक्षी आहेत, माणसांची चित्रे आहेत आणि सुलेखनाची पाने आहेत. आणि या शब्दाचा मूळ अर्थ काय, तर ठिगळे लावलेले. सूफी दरवेश ठिगळांचा जो अंगरखा घालत, त्यालाही मुरक्काच म्हणत. बादशाहाची चित्रवही आणि फकिराचा अंगरखा यांना एकच शब्द. आपल्या घरातली गोधडीही त्याच जातीची. कुणाच्या लुगड्याचा तुकडा, कुणाच्या सदऱ्याचा, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा एकच दोरा. मुलासाठी अशी वही करायची असेल तर ही गोधडी डोळ्यांसमोर ठेवा, दुकानातले चकचकीत स्टिकर नकोत.

सुरुवात बुटांच्या रिकाम्या खोक्याने करा. लगेच चिकटवायला बसू नका. पंधरा दिवस नुसते जमवा. घरातल्या प्रत्येकाला सांगा की या खोक्यात काहीही टाकायला परवानगी आहे. मग बघा काय काय निघते. बिस्मिल्लाहच्या दिवशीची टोपी किंवा ओढणी. (चार वर्षे, चार महिने, चार दिवस मोजून बिस्मिल्लाह करण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. तो दिवस कुठे लिहून ठेवलेला असेल तर वहीचे पहिले पान तेच.) पहिल्या रोजाकुशाईच्या दिवशी मिळालेली दहाची नोट. मदरशाच्या मौलानांनी कुरआन नाजरा पूर्ण झाल्यावर दिलेले छोटे प्रमाणपत्र. पहिलीतल्या वहीचे एक पान, ज्यात ‘अलिफ’ वाकडा आहे आणि ‘ग’चा काना दुसऱ्याच ओळीत गेला आहे. बसचा पास. गणवेशाच्या खिशावरचा शाळेचा बिल्ला. विज्ञानाच्या वहीतले बाईंच्या लाल शाईतले ‘भेटा’. तो शब्द तर जरूर ठेवा, वीस वर्षांनी घर हसेल.

यंदा परीक्षा रमजानमध्ये आली. सहरीनंतर झोपायचे की भूमिती बघायची, हा प्रश्न ज्या घरात पडला त्या घराने त्या दिवसांचे एक पान करावे. हॉल तिकिटाची झेरॉक्स आणि शेजारी अम्मीच्या हातची दोन वाक्ये, पहाटे काय खाल्ले, कुठल्या पेपराला भीती वाटली. तसेच कोरोनाचे पान. यंदाची मुले 2020 मध्ये चौथी-पाचवीत होती. कित्येकांची ती शाळा एका मोबाइलवर झाली, आणि तो मोबाइल अब्बा कामावर गेले की घराबाहेर जायचा. त्या काळाचे कागद जवळजवळ नाहीतच. जे आहे ते जुन्या फोनमध्ये आहे, आणि फोन बिघडला की तेही जाईल. आज त्यातली आठ-दहा छायाचित्रे स्टुडिओत जाऊन कागदावर काढून घ्या.

आता एक गोष्ट जरा ओरडूनच सांगतो, कारण दरवर्षी कुठल्या तरी घरात हा प्रकार होतो. मूळ कागद वहीत चिकटवायचे नाहीत. दहावीची गुणपत्रिका, बोर्डाचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, यांतले काहीही नाही. वहीत फक्त झेरॉक्स. दहावीचे प्रमाणपत्र पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागते. हौसेने ते लॅमिनेटही करू नका. कुणाला पुढे आखाती देशात नोकरीसाठी जायचे झाले, तर प्रमाणपत्राच्या पाठीवर शिक्के घ्यावे लागतात, आणि प्लास्टिकवर शिक्का उठत नाही. कोकणातल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. मूळ कागद फाइलमध्ये, आणि बोर्डाची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येही काढून ठेवा.

आणि झेरॉक्स काढायला कागद बाहेर आलेच आहेत तर ते सगळे एका चटईवर शेजारी शेजारी मांडा. हे काम वहीपेक्षा मोठे आहे. आधारवर ‘शेख’, दाखल्यावर ‘शैख’, जन्मदाखल्यावर आडनावच नाही. एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘मुहम्मद’, तिसऱ्यावर नुसते ‘मो.’. अम्मीचे नाव शाळेत माहेरचे आणि रेशनकार्डावर सासरचे. उर्दूत हे सगळे एकच नाव असते, इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याची चार माणसे होतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव दाखला घेण्यापूर्वी तपासा. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी असते. एकदा दाखला बाहेर पडला की ती फार किचकट होते. आठवणींची वही करता करता एका मुलाचे नाव जरी सगळ्या कागदांवर एकसारखे झाले तरी आम्ही हा लेख लिहिल्याचे सार्थक समजू.

वही कोणत्या भाषेत करायची? मुलाला जी भाषा सहज वाचता येते तिच्यात, आणि घरातल्या मोठ्यांना जी सहज लिहिता येते तिच्यातही. आमच्या पिढीत दादी उर्दू लिहीत, अम्मी उर्दू-मराठी दोन्ही. आता मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमात आहेत आणि घराघरांत एक गोष्ट शांतपणे घडते आहे. नानीचे पत्र कपाटात आहे आणि ते वाचणारे घरात कोणी नाही. मुलगी घरात उर्दू बोलते, समजते, पण नस्तालीक समोर आले की तिला ती नक्षी वाटते. अशा घरांनी एक काम करावे. नानीचे मूळ पत्र चिकटवू नये, त्याची रंगीत झेरॉक्स घ्यावी आणि शेजारच्या पानावर तेच पत्र शब्दन्‌शब्द देवनागरीत उतरवावे. भाषांतर नको, भाषा नानीचीच राहू द्या, फक्त लिपी बदला. हे काम नानी हयात असताना करावे, कारण जुन्या हस्ताक्षरातला एखादा शब्द फक्त तिलाच लागतो. वरचा नुक्ता घाईत खाली गेला की ‘खुदा’चे ‘जुदा’ कसे होते, यावर उर्दूत पुष्कळ विनोद आहेत.

दादीला लिहिता येत नसेल तर तिने बोलावे आणि नातवाने लिहून घ्यावे. सोलापूर, लातूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या भागांतल्या दादींची दखनी तर लिहून घेण्यासारखीच असते. तिच्यातला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आलेला आहे, हे मुलांना सांगितले की ती चमकतात. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वहीत दादीचे एकच वाक्य आहे, नातीने जसेच्या तसे उतरवलेले, ‘पढना छोड नक्को, मेरे सरीका अंगूठा लगाना नक्को.’ त्याखाली दादीचा निळ्या शाईतला अंगठा. आम्ही पुष्कळ वह्या पाहिल्या, असे पान दुसरे पाहिले नाही.

दोन्ही लिप्या असतील तर बांधणीची एक गंमत करता येते. मराठी डावीकडून सुरू होते, उर्दू उजवीकडून. म्हणजे एकाच वहीला दोन मुखपृष्ठे देता येतात. या बाजूने उघडली तर मराठी, त्या बाजूने उघडली तर उर्दू, आणि दोन्ही बाजू मधोमध येऊन मिळतात. त्या मधल्या जोडपानावर सगळ्या घराची नावे लिहावीत, किंवा सगळ्यांच्या पंजांचे ठसे घ्यावेत.

पंजांवरून छायाचित्रांचा विषय निघाला. माणसांच्या तसवीरी ठेवण्याविषयी आपल्या घरांत एकमत नाही, आणि या सदरातून तो वाद मिटवण्याचा आमचा विचार नाही. ज्या घरांत छायाचित्रे चालतात त्यांनी लावावीत. ज्या घरांत चालत नाहीत त्यांची वही उणी होते असे मात्र आम्हाला मुळीच वाटत नाही. उलट चेहऱ्यांशिवाय केलेल्या वह्या जास्त शोधक असतात. दरवर्षीच्या पावलाची पेन्सिलने काढलेली बाह्यरेषा. ईदच्या मेंदीची नक्षी कागदावर उतरवून घेतलेली. दरवर्षी ईदला शिवलेल्या कपड्याचा बोटभर तुकडा, खाली साल. हस्ताक्षर तर चेहऱ्याइतकेच ओळखू येते. छायाचित्रे लावणाऱ्यांना एकच विनंती. निरोप समारंभाच्या गटछायाचित्रात दुसऱ्यांच्याही मुली असतात. ते वहीत लावा, स्टेटसवर टाकू नका.

आयतींबद्दलही थोडे. मुखपृष्ठावर सुंदर खतात आयत लिहावी असे पुष्कळांना वाटते. मग ती वही चटईवर, पायाशी, दप्तरात कशीही ठेवता येत नाही, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ती उघडायलाच घाबरावे हे आम्हाला बरे वाटत नाही. सूरहचे नाव लिहा, अर्थ आपल्या शब्दांत लिहा, दुआ आपल्या बोलीत लिहा. आयत हवीच असेल तर ती वेगळ्या चौकटीत, भिंतीवर उंच.

ज्या घरांत अब्बा परदेशी आहेत तिथे वही करताना एक अडचण येते, आणि रायगड-रत्नागिरीच्या अम्मींनी ती आम्हाला वेगवेगळ्या शब्दांत सांगितली आहे. मुलाच्या सोळा वर्षांतले अब्बाच्या सोबतीचे दिवस सुट्ट्यांचेच. बिस्मिल्लाहला ते नव्हते, पहिल्या रोजाला नव्हते, टायफॉइडला नव्हते. वही भरत जाते तसतशी त्यांची गैरहजेरी पानापानांवर दिसायला लागते. एका अम्मीने यावर जे केले ते सांगतो. तिने ती पाने झाकली नाहीत. प्रत्येक पानाखाली एक ओळ रिकामी सोडली, वहीचे फोटो काढून पतीला कुवेतला पाठवले आणि विचारले, त्या दिवशी तुम्ही कुठे होता? त्यांनी रात्रपाळीनंतर एकेक व्हॉइस मेसेज पाठवला. ‘त्या दिवशी साइटवर होतो, फोन लागत नव्हता.’ ‘त्या दिवशी खोलीवर मिठाई वाटली, सगळ्यांना सांगितले मुलाने रोजा ठेवला.’ तिने ते ऐकून तसेच्या तसे त्या रिकाम्या ओळींवर उतरवले. मुलगा आमच्याच वर्गात होता. ती वही त्याने कोणाला दाखवली नाही, पण आम्हाला दाखवली. पूर्वी आखातातून कॅसेटमध्ये आवाज भरून येत, सगळे घर टेपरेकॉर्डरभोवती बसे. त्या कॅसेट पुढे पुसून गाण्यांसाठी वापरल्या गेल्या. व्हॉइस मेसेजचेही तेच होणार आहे. कागदावर घ्या.

आता थोडे कारागिरीचे. कागद जाड हवा, कार्डशीट उत्तम, चाळीस पाने पुरतात. चिकटवल्यावर वही फुगते आणि पुढून आ वासते. म्हणून बांधताना दर दोन पानांमध्ये बोटभर रुंदीची कागदाची पट्टी घालायला सांगा, म्हणजे पाठ आणि पुढची बाजू सारखी राहते. गावात जुना जिल्दसाज असेल तर त्याला हे सांगावेही लागणार नाही. नसेल तर झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल करून घ्या. सेलोटेप अजिबात नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि जाताना कागदावर डाग ठेवते. पातळ फेविकॉलने कागदाला सुरकुत्या पडतात, ग्लू स्टिक बरी. मैद्याची खळ, म्हणजे आपली लेई, चांगली धरते, पण तिच्यावर कसर येते. जिल्दसाज म्हणूनच तीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरात लहान मुले असताना तो उद्योग नको. छायाचित्रे तर चिकटवूच नका. कागदाचे चार छोटे त्रिकोण करून कोपऱ्यांत अडकवा, म्हणजे हवे तेव्हा काढता येतात, आणि मागे पेन्सिलने साल आणि जागा लिहा. एसटीच्या मशीनचे तिकीट ठेवायचे असेल तर आधी त्याची झेरॉक्स काढा. तो कागद काही वर्षांत कोरा होतो. वर्तमानपत्राच्या कात्रणाचेही झेरॉक्सच लावा.

राहिला निकाल. वही निकालाच्या आधी पूर्ण करा, हा आमचा हट्ट आहे. मुखपृष्ठावर टक्के टाकण्याची टूम निघाली आहे, ती आम्हाला मुळीच आवडत नाही. ही वही बक्षीस नव्हे. नव्वद टक्क्यांच्या मुलीला ती मिळावी आणि गणितात राहिलेल्या तिच्या भावाला मिळू नये, असे झाले तर न केलेली बरी. दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला जाता येते, पुरवणी परीक्षा असते, आणि त्या मुलालाही बिस्मिल्लाहची टोपी होती, पहिला रोजा होता. निकालाच्या दिवशी दुपारी तीच वही त्याच्या हातात द्या. त्या दिवशी घरात बोलण्यासारखे फार काही नसते, वही चाळायला बरी पडते.

मुलींच्या वहीबद्दल आमचा आग्रह थोडा जास्तच आहे. आमच्याकडे अजूनही काही घरांत मुलीची दहावी म्हणजे शाळेची अखेर समजतात. निरोप समारंभात ‘रुखसत’ हा शब्द ऐकला की काही अम्मींच्या मनात लगेच दुसरीच रुखसती येते. अशा घरात ही वही लग्नाच्या पेटीतली वस्तू होऊन बसण्याचा धोका आहे. म्हणून चाळीस पानांतली निदान पंधरा कोरी ठेवा आणि त्यांवर आधीच मथळे घाला, अम्मीच्या हाताने. अकरावी. बारावी. कॉलेजचा पहिला दिवस. पहिला पगार. मथळा लिहिलेले कोरे पान घरात सगळ्यांना दिसते. अब्बांनाही, चुलत्यांनाही.

आणि एक पान अम्मीचे स्वतःचे. तुमची शाळा कितवीला सुटली, का सुटली, शेवटच्या दिवशी वर्गात कोण कोण होते, बाई काय म्हणाल्या. जुना दाखला सापडला तर त्याची झेरॉक्स लावा. नाही सापडला तरी लिहा. मराठीत, उर्दूत, जशी येईल तशी. शुद्धलेखन तपासायला आमच्याकडे पाठवू नका, आम्ही तपासणार नाही. वही पूर्ण झाली की तिला जुन्या सुती ओढणीचा गिलाफ शिवा, प्लास्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत बुरशी धरते. दोन-चार सुकी कडुनिंबाची पाने टाका आणि ती मुलीच्याच कपाटात ठेवा, तुमच्या नाही.